वॉर्डातल्या पेशंटला स्ट्रोक आला तर: गळणाऱ्या चहापासून सीटीच्या टेबलापर्यंत

सकाळचे ६ वाजून १० मिनिटं. चहाची किटली वॉर्डात फिरत होती आणि मावशींनी लांबूनच हाक मारली, "सिस्टर, चौदा नंबरच्या आजींचा चहा गळतोय." मी इंजेक्शनचा ट्रे लावत होते, तोंडावर आलंच होतं की मग पुसा ना. आजी ७१ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, रात्री दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं, गुंगीत असतील असंच डोक्यात आलं. तरी गेले बघायला. चहा तोंडाच्या फक्त डाव्या कोपऱ्यातून गळत होता, गाउनवर डावीकडेच डाग. आजींची नजर उजवीकडे खिडकीवर खिळलेली, मी डाव्या बाजूने हाक मारली तर वळेनात, आणि डावा हात पांघरुणात जसा पडला होता तसाच. मी विचारलं, आजी काय होतंय, तर म्हणतात कशा, "मला काय धाड भरलीय, बरी आहे की मी."

हे वाक्य लक्षात ठेवा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला की कित्येक पेशंटना आपली डावी बाजू बंद पडलीय हेच कळत नाही, ते छातीठोकपणे सांगतात काही झालेलं नाही. म्हणून पेशंट बरा आहे म्हणाला यावर स्ट्रोकच्या बाबतीत विश्वास ठेवायचा नाही, हात उचलायला लावायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

मी १६ वर्षं वॉर्डात काम करतेय. हे लिहितेय ते नवीन लागलेल्या सिस्टर, इंटर्न मुलंमुली आणि पेशंटजवळ रात्रभर स्टुलावर बसणारे नातेवाईक यांच्यासाठी. औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार, पण ओळखायचं कोणी आणि घड्याळ कोणी बघायचं, ते काम आपलंच.

हॉस्पिटलात असून उशीर का होतो

लोकांना वाटतं ॲडमिटच आहे तर काय काळजी, सगळं हाताशी आहे. प्रत्यक्षात उलटं होतं. एकूण स्ट्रोकपैकी साधारण २ ते १७ टक्के स्ट्रोक आधीपासून दुसऱ्याच आजारासाठी ॲडमिट असलेल्या पेशंटना होतात, आणि बाहेरून कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटपेक्षा यांचा सीटी उशिरा होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कारण सरळ आहे, बाहेरून तोंड वाकडं घेऊन आलेला माणूस स्ट्रोकचाच म्हणून येतो, आणि आमच्याकडे पेशंट हर्नियाचा असतो, डेंग्यूचा असतो, बायपासचा असतो, त्यामुळे काहीही वेगळं दिसलं की त्याला आधीचंच कारण चिकटवलं जातं. गुंगी आहे ना, भूल उतरली नसेल. बडबडतायत ना, म्हातारपण आहे, जागा बदललीय. चक्कर आणि उलटी, पित्त खवळलं असेल. हात उचलत नाहीत, अहो सलाईन लावलंय त्या हाताला. प्रत्येक कारण खरं वाटतं हीच गोची आहे.

तिकडे मेंदूत रक्त अडलंय आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. आपण पित्ताचं इंजेक्शन देऊन अर्धा तास वाट बघतो तेव्हा किती गेल्या ते बोटांवर मोजा.

आधीच कोणावर डोळा ठेवायचा

ड्यूटी हातात घेताना ओव्हरमध्ये, म्हणजे आधीची पाळी पेशंटची माहिती सोपवते तेव्हा, हे पेशंट मनात वेगळे काढा: हार्टचं किंवा मानेच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालेले, अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी झालेले, एएफ म्हणजे ठोके अनियमित असणारे, आणि त्यातही ऑपरेशनसाठी ज्यांची रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवलीय ते. शिवाय हार्टच्या झडपेला इन्फेक्शन असलेले, कॅन्सरवाले, ज्यांचं बीपी ऑपरेशनमध्ये बराच वेळ खाली राहिलं ते, आणि आधी एकदा झटका येऊन गेलेले. आमच्या आजींना एएफ होता आणि गोळी चार दिवस बंद होती, म्हणजे बघायला गेलं तर सगळं समोर लिहिलेलं होतं.

रक्तस्रावाचे स्ट्रोक वेगळे. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे, प्लेटलेट्स घसरल्यात, बीपी भडकलंय, अशा पेशंटला अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलटी झाली, शुद्ध हरपत चालली, तर तिथे एक मिनिटही थांबू नका.

वॉर्डातल्या स्ट्रोकसाठी टूकॅन नावाचा एक छोटा स्कोअर आहे, त्यात अंगावर दिसणाऱ्या लक्षणांना मार्क असतात आणि नुकतीच हार्टची प्रोसिजर, एएफ, ॲडमिट होऊन २४ तासांच्या आत असणं, या प्रत्येकाला एकेक. बेरीज २ किंवा जास्त आली तर संशय पक्का धरायचा. पण स्कोअर काढत बसून फोन लांबवू नका, तो फोनवर बोलता बोलता डोक्यात होतो.

एका मिनिटाची तपासणी

अचानक आणि एका बाजूला, हे दोन शब्द धरून ठेवा. कालपर्यंत होतं आणि आज नाही, किंवा दोन वाजता होतं आणि चार वाजता नाही.

चेहरा: दात दाखवा म्हणा. नुसतं हसा म्हटलं तर आजारी माणूस कुठे हसणार, आणि कवळी काढून ठेवलेली असेल तर तोंड तसंही वेडंवाकडं दिसतं, म्हणून मी डोळे घट्ट मिटायला आणि गाल फुगवायला पण लावते.

हात: दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे बंद, १० पर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली यायला लागतो किंवा तळवा आत वळतो, ते बघायचं. एका हाताला पट्टी किंवा प्लास्टर असेल तर दोन्हीकडची मूठ आवळून बघा. पाय ५ सेकंद उचलून धरायला लावायचा, पण खुब्याच्या पेशंटचा ऑपरेशनचा पाय त्यात धरता येत नाही हे उघड आहे.

बोलणं: एक साधं वाक्य म्हणायला लावा, "आज सकाळी मी चहा प्यायलो" चालेल. एकदा एका इंटर्नने "काळे राळे गोरे राळे" म्हणायला लावलं होतं, ते पेशंटला जमलं नाही आणि मग शेजारच्या बेडवरच्या धडधाकट माणसालाही जमलं नाही. नंतर पेन, घड्याळ, चष्मा दाखवून नाव विचारा. इथे एक मोठी फसगत होते, शब्द न सापडणारा पेशंट आपल्याला भ्रमिष्ट वाटतो. घड्याळाला "ते... पाण्याचं ते..." म्हणतोय, किंवा आपण हात वर करा म्हटलं तर जीभ काढतोय, याला बडबड म्हणून सोडून देऊ नका, मेंदूचा भाषेचा भाग गेलेला असू शकतो.

डोळे आणि तोल: नजर एका बाजूला ओढलेली आहे का, एकाचे दोन दिसतात का, अर्धं दिसत नाही का, आणि बसवल्यावर एका बाजूला कलंडतोय का. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक हात-चेहरा ठीक ठेवून नुसती गरगर आणि उलटी घेऊन येतो, आणि तोच पित्ताच्या नावाखाली सगळ्यात जास्त निसटतो.

आयसीयूतला झोपेच्या औषधावरचा, व्हेंटिलेटरवरचा पेशंट बोलणार नाही, तिथे दोन्ही बुबुळं बघा, दोन्ही हातांच्या नखांवर पेन दाबून कुठली बाजू कमी हलते ते बघा. कालपर्यंत नळी ओढायला जाणारा हात आज निपचित पडलाय, ही तक्रार बहुतेक वेळा नातेवाईकच करतात. आम्ही तेव्हा पंपाकडे बघत असतो, हे कबूल करते.

फोन एकच, आणि थेट

इथे आपली उतरंड आडवी येते. सिस्टर इंटर्नला सांगते, इंटर्न रेसिडेंटला, रेसिडेंट ऑपरेशन थिएटरमध्ये हात धुवून उभा, मग युनिटच्या सरांना विचारतात, सर म्हणतात फिजिशियनचा ओपिनियन घ्या, आणि ओपिनियनचा कॉल रजिस्टरमध्ये लिहून मामांच्या हाती पाठवला जातो. मी आधी जिथे काम करायचे तिथे एका काकांचं असंच झालं, पहाटे शेजारचे पेशंट सांगत होते की काका विचित्र बोलतायत, तेव्हा झोपू द्या म्हटलं गेलं, सकाळच्या राउंडला कळलं तोवर कुठल्याच औषधाची वेळ उरली नव्हती.

त्यामुळे तुमच्याकडे स्ट्रोकचा कोड, म्हणजे सगळ्या टीमला एकदम बोलावणारा कॉल, असेल तर कोणाचीही परवानगी न मागता तो लावायचा. नसेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करून असं बोला: "वॉर्ड अमुक, बेड १४, ७१ वर्षं, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, एएफ आहे, डावा चेहरा आणि डावा हात अचानक गेलाय, ५.३२ ला नॉर्मल होत्या, मला स्ट्रोक वाटतोय, सीटीला कळवू का." नुसतं "पेशंट बरोबर वाटत नाहीये सर" म्हटलं तर पलीकडून "बीपी घ्या, बघतो" येणार, हमखास. वॉर्डातल्या स्ट्रोक कॉलपैकी निम्म्याच्या आसपास स्ट्रोक निघत नाहीत आणि ते चालतं, फुकट कॉलसाठी ओरडा खावा लागला तर खायचा.

शेवटचं नॉर्मल कधी

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त चुकतं. घड्याळ चालू होतं ते पेशंट शेवटचा नॉर्मल दिसला तेव्हापासून, आपल्याला कळलं तेव्हापासून नव्हे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे "रात्री बरे होते" याचा उपयोग शून्य.

आजींच्या केसशीटवर रात्री २ ची नोंद होती, बीपी आणि पल्स, शेजारी "पेशंट झोपलेला". म्हणजे नॉर्मल होत्या की नाही कोणालाच माहीत नाही. मग त्यांची सून म्हणाली, पहाटे अमेरिकेतून नातीचा फोन येतो रोज. मोबाईल उघडला तर ५.२० ला व्हिडिओ कॉल, १२ मिनिटं. नातीला तिकडे फोन लावून विचारलं तर म्हणाली, आजी छान बोलली, डाव्या हाताने मला गाउनचं तुटलेलं बटण दाखवलं. झालं, ५.३२. असे साक्षीदार शोधा, औषधाची सही, बाथरूमला कोणी नेलं, चहावाला, शेजारचा पेशंट, कॉल लॉग. पेशंट झोपेतून उठला तेव्हाच असा होता तर झोपायच्या आधीची वेळ धरतात, पण म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, काही ठिकाणी एमआरआय किंवा परफ्युजन स्कॅन (मेंदूच्या कुठल्या भागात रक्त किती पोचतंय ते दाखवणारा) बघून अशांनाही उपचार देता येतात.

डॉक्टर येईपर्यंत

श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, आणि लगेच बोट टोचून शुगर. शुगर ६० च्या खाली गेली तर हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं, ती आधी दुरुस्त करा, आणि वर आल्यावरही हात उचलत नसेल तर स्ट्रोकच धरून पुढे चला. फिट येऊन गेल्यावर एक बाजू काही वेळ लुळी पडते, सोडियम घसरलं, सेप्सिस म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलं, झोपेचं औषध जास्त झालं, तरी गोंधळ उडतो, पण हे वेगळं काढायचं काम सीटीच्या वाटेवर होऊ द्या, सीटी त्यासाठी थांबवू नका.

ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तरच लावा. तोंडाने काहीही नाही, पाणी नाही, गोळी नाही, गिळता येतंय का ते तपासेपर्यंत एनबीएम. ॲस्पिरिन तर सीटीच्या आधी अजिबात नको, आत रक्तस्राव असेल तर आगीत तेल. सलाईन चालू करायचं तर एनएस म्हणजे मिठाचं, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं नाही. आयव्हीसाठी कोपराच्या खोबणीत हिरवी किंवा निदान गुलाबी कॅन्युला, मनगटावरच्या निळ्या सुईतून सीटी अँजिओचा (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनचा) कॉन्ट्रास्ट जोरात सोडता येत नाही आणि मग सीटीच्या टेबलावर नस शोधत बसावं लागतं.

बीपीचं एक सांगायलाच हवं. २०० दिसलं की हात शिवशिवतात, आणि अजूनही कुठेकुठे निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकतात. नका करू. अडलेल्या भागाच्या पलीकडे जे थोडंफार रक्त पोचतंय ते त्या वाढलेल्या बीपीवरच, धाडकन पाडलं तर उरलेला मेंदूही जातो. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर बीपी १८५/११० च्या खाली आणतात, तेही पंपाने हळूहळू, आणि इंजेक्शन किंवा गुठळी ओढून काढायची प्रोसिजर होणार नसेल तर साधारण २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. रक्तस्राव असेल तर हिशोब वेगळा, तिथे वरचं बीपी १४० च्या आसपास आणायची घाई असते. म्हणूनच आधी सीटी.

फाईल उघडून एका कागदावर लिहा: ऑपरेशन कुठलं आणि कधी, रक्त पातळ करणारं औषध कुठलं, डोस किती आणि शेवटचा कधी, शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते), प्लेटलेट्स, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), वजन. वजन बहुतेक फाईलींत नसतं, आणि इंजेक्शनचा डोस तर किलोवर आहे. हेपॅरिनचा पंप चालू असेल तर थांबवायचा का ते फोनवरच विचारून घ्या.

सीटीपर्यंत

कळल्यापासून २०-२५ मिनिटांत सीटी, हे लक्ष्य ठेवायचं. आमचा वेळ खरं तर लिफ्ट खाते. म्हणून एक जण पुढे जाऊन लिफ्ट धरून ठेवतो, मामा ट्रॉली आणतात तोवर मॉनिटर आणि सिलिंडर तयार, आणि सिस्टर पेशंटबरोबर जाते, फाईल तिच्या हातात. उलटी होत असेल तर कुशीवर. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सीटी अँजिओ अडवू नये. आणि साधा सीटी "नॉर्मल" आला म्हणून हुश्श करायचं नाही, पहिल्या काही तासांत गुठळीच्या स्ट्रोकमध्ये तो बऱ्याचदा नॉर्मलच दिसतो, सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो.

पुढचं डॉक्टरांचं, पण माहीत असावं. गुठळी विरघळवायची इंजेक्शनं दोन. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०, त्यातला दहावा हिस्सा एका मिनिटात आणि उरलेलं तासाभरात. टेनेक्टेप्लेज किलोला ०.२५, जास्तीत जास्त २५, एकदाच पुश. वॉर्डातल्या पेशंटची अडचण ही की यांच्यात नकाराची कारणं भरपूर: १४ दिवसांत मोठं ऑपरेशन, नुकताच पोटातला रक्तस्राव, आयएनआर १.७ च्या वर, प्लेटलेट्स १ लाखाच्या खाली, २४ तासांत हेपॅरिनचं उपचाराच्या डोसचं इंजेक्शन, ४८ तासांत नव्या प्रकारची रक्त पातळ करायची गोळी. पोटावर रोज देतात तो गुठळी होऊ नये म्हणूनचा छोटा डोस यात सहसा धरत नाहीत, म्हणून डोस लिहा म्हटलं.

पण इंजेक्शन नाही म्हणजे उपचार नाही असं नातेवाईकांना सांगून मोकळं होऊ नका. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असेल तर जांघेतून किंवा मनगटातून तार घालून ती ओढून काढता येते, थ्रोम्बेक्टॉमी, आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यालाही ती करता येते. ६ तासांपर्यंत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. आजींना इंजेक्शन देता आलं नाही, गुठळी काढली.

तुमच्याकडे ही सोय नसेल, तालुक्याच्या ठिकाणी नसतेच बहुतेक, तर सीटी होताहोताच पुढच्या हॉस्पिटलला फोन, तिथे न्यूरोचे डॉक्टर आणि कॅथलॅब (गुठळी काढायची प्रोसिजर होते ती खोली) चालू आहे का विचारून मगच हलवा. कार्डिॲक ॲम्ब्युलन्स किंवा १०८, बरोबर सीटीची फिल्म, शेवटच्या नॉर्मलची वेळ आणि तो कागद. वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, दोन पाळ्यांत ती बदलते असा माझा अनुभव आहे.

इंजेक्शन दिल्यावर

पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास होईपर्यंत तासातासाला बीपी आणि हात-पाय-बोलणं. बीपी १८०/१०५ च्या खाली. नवीन डोकेदुखी, उलटी, बीपीची उसळी, झोपाळूपणा वाढला, तर औषध चालू असल्यास थांबवा आणि पुन्हा सीटी. ओठ-जीभ सुजायला लागली तर तेही लगेच सांगा, बीपीच्या काही गोळ्या म्हणजे एसीई इनहिबिटर घेणाऱ्यांत जास्त होतं. २४ तासांनंतरचा सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन-हेपॅरिन नाही, आणि राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), लघवीचा कॅथेटर टाळता येईल तितकं टाळायचं.

स्टुलावर बसणाऱ्यांसाठी

तुम्ही पेशंटला आयुष्यभर ओळखता, आम्ही चार दिवस. बाबा आज वेगळेच बोलतायत असं वाटलं तर ते खरं असतं. सिस्टर कामात दिसली तरी जा आणि "झटका वाटतोय" असा शब्द वापरा. पाणी पाजू नका, हात तेल लावून चोळू नका, अंगावरून वारं गेलंय, उतरेल थोड्या वेळात, म्हणून वाट बघू नका. लक्षणं पाच मिनिटांत पूर्ण गेली तरी सांगायचं, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. जाग आल्यावर दोन वाक्यं बोला पेशंटशी आणि वेळ बघा. एवढंच.

आजी महिनाभराने टाके-बिके सगळं उरकून वॉकर घेऊन दाखवायला आल्या, डाव्या हातातून कप अजून निसटतो म्हणाल्या. मी मात्र तेव्हापासून नाइटला "पेशंट झोपलेला" लिहिणं सोडलंय. एएफ आणि हार्टवाल्यांना दर राउंडला उठवते, नाव विचारते, दोन्ही हात वर करायला लावते, आणि शिव्या खाते. परवा नऊ नंबरचे आजोबा पहाटे ४ वाजता डोळे उघडून म्हणाले, "दोन वाजता जे नाव होतं तेच आहे बाई, इतक्यात बारसं नाही झालं पुन्हा." शीटवर लिहिलं: ४.०५, बोलणं स्पष्ट, दोन्ही हात समान.